काम मंदावलं की जाहिरात करायची की ओळखीवर राहायचं? नागपूरच्या लहान ठेकेदारांसाठी

मंदीत लोक घर बांधणं पुढे ढकलतात, पण घर गळायचं काही थांबत नाही. नवीन बांधकामाच्या चौकशा आटल्या की ठेकेदाराला वाटतं कामच संपलं. मग कुणीतरी सुचवतं, 'भाऊ, जरा जाहिरात करून पाहा.' पैसे जातात, फोन येतात, काम एखादंच लागतं आणि तेही भाव पाडून. दुसरीकडे 'आपलं काम बोलतं' म्हणत ठिय्यावरची (मजूर मिळतात त्या नाक्यावरची) माणसं कमी करून वाट पाहणारेही असतात. काम आपणहून बोलत नाही. ते कुणाच्या तरी तोंडून, कुणाच्या तरी कानावर, गरजेच्या वेळी जावं लागतं, आणि ती सोय ठेकेदारालाच लावावी लागते. आधी ती लावायची. जाहिरात त्यानंतर, तीही हिशोब मांडून.

पुढचं सगळं दोन ते दहा माणसं घेऊन दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग, रंग, टाइल्स, एखादी वाढीव खोली अशी कामं करणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या बिल्डरचं गणित वेगळं असतं.

आधी एक वही

शंभर पानी वही घ्या आणि रकाने आखा: तारीख, नाव, भाग, कामाचा प्रकार, नाव कुणी सांगितलं, पाहणी झाली का, दिलेला आकडा, काम मिळालं का, नाही तर का नाही. मागच्या दोन वर्षांची कामं आठवून, जुनी बिलं आणि व्हॉट्सॲप चाळून भरा. एक संध्याकाळ जाते.

यातला 'नाव कुणी सांगितलं' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच सगळ्यात जास्त रिकामा राहतो. फोनवर विचारायला संकोच वाटतो, पण सरळ विचारावं: 'आमचा नंबर कुठून मिळाला तुम्हाला?' उत्तर 'असाच मिळाला' असं आलं तर पाहणीच्या वेळी पुन्हा विचारा. तेव्हा बहुतेक वेळा 'आमच्या साळ्याकडे काम केलं होतं तुम्ही' असं काहीतरी निघतं.

वही भरली की दिसेल की बरीच कामं मोजक्या चार-पाच माणसांकडून फिरत आलेली आहेत. एखाद्या हार्डवेअरवाल्याने तीन कामं दिलेली असतात आणि आपण त्याला वर्षभरात साधा फोनही केलेला नसतो.

ओळखीचं काम मंदीतच का आटतं

जुनी पार्टी, म्हणजे ज्याचं काम केलं तो मालक, आपल्याला ज्या कामासाठी ओळखते, तेवढंच ती दुसऱ्याला सांगते. तुम्ही मनीषनगरात कुणाचं दोन मजली घर बांधून दिलं असेल तर त्यांच्या डोक्यात तुम्ही 'घर बांधणारे'. त्यांच्या बहिणीकडे बाथरूमखालच्या खोलीत ओल उतरली तर तुमचं नाव सुचतच नाही. 'एवढ्याशा कामाला ते कशाला येतील?' असं त्यांना वाटतं. म्हणजे तुमच्याबद्दल नाराजी नसते, चुकीचा समज असतो. मंदीत नवीन घरांची कामं कमी होतात, दुरुस्तीची टिकून राहतात, पण आपलं नाव मात्र नवीन घरांशीच चिकटलेलं असतं.

म्हणून जुन्या पार्ट्यांना कळवायचं. 'काही काम असेल तर सांगा' असं मोघम नको. त्यावर कुणालाच काही आठवत नाही. नेमकं काम सांगा आणि लहान सांगा:

'नमस्कार काका, तुमच्या वरच्या मजल्याचं काम आम्ही केलं होतं. यंदा आम्ही गच्चीची गळती, बाथरूमची ओल आणि टाकीची गळती अशी लहान कामंही घेतोय. मे संपेपर्यंतच्या तारखा लावतोय. तुमच्या गच्चीचे सांधे एकदा पाहून जाऊ का? पाहणीचे पैसे नाहीत.'

हा निरोप एकेकाला, नाव घालून पाठवा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांच्यापर्यंत निरोप पोचतच नाही. जुन्या पार्ट्यांपैकी अनेकांनी तो फोन बदलताना गमावलेला असतो. दिवसाला आठ-दहा निरोप पुरेत. उत्तर आलं की त्याच दिवशी फोन करा.

लोक आपलं नाव कशामुळे काढतात

चांगलं काम ही तर किमान अपेक्षा. प्लास्टर सरळ आलं म्हणून कुणी शेजाऱ्याला सांगायला जात नाही. सांगण्याजोगं काहीतरी घडावं लागतं, आणि ते स्वस्तात घडवता येतं.

उन्हाळ्यातली ओल हे त्याचं उत्तम उदाहरण. एप्रिल-मेमध्ये खिडकीखालच्या भिंतीला ओल धरली म्हणून फोन येतो. पार्टी वॉटरप्रूफिंगच्या खर्चाची तयारी ठेवून असते. अशा वेळी भिंत ठोकायच्या आधी कूलर बघा. कूलर खिडकीला चिकटवून बसवलेला असतो, पॅडमधून थेंब चौकटीवर पडतात, नाहीतर टाकी भरताना नळी चालू राहते आणि पाणी वाहतं. ते पाणी सिलच्या (चौकटीखालच्या पट्टीच्या) खालच्या भेगेतून आत शिरतं. चाचणी सोपी: दोन दिवस कूलर बंद ठेवायला सांगा आणि ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून ठेवा. रेघेच्या आत ओल आटत आली तर दोष कूलरचा. कूलर चार-पाच इंच बाहेर घ्यायचा, बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यायचा, सिलखालची भेग भरायची. अर्ध्या तासाचं काम. त्याचे किरकोळ पैसे घ्या किंवा घेऊ नका, पण हजारोंचं काम नको म्हणणारा ठेकेदार पार्टीच्या लक्षात राहतो आणि ती हे दहा जणांना सांगते.

दुसरी गोष्ट, काम सोडताना द्यायचा कागद. एकाच पानावर लिहा: रंगाची कंपनी आणि शेड नंबर, टाइल्सचं नाव आणि बॅच, वॉटरप्रूफिंगला वापरलेलं मटेरिअल आणि किती हात दिले, काम संपल्याची तारीख, काय किती दिवस जपायचं. प्लास्टर करण्याआधी भिंतीतल्या पाइपांचे आणि वायरिंगचे फोटो काढा. फोटोत मोजपट्टी उघडून धरा, म्हणजे जमिनीपासून किती इंचावर पाइप आहे ते आकड्यात दिसेल. हे फोटो मालकाला त्याच दिवशी पाठवा. दोन वर्षांनी गीझर बसवायला येणारा प्लंबर विचारतो, 'पाइप कुठून गेलाय?' आणि मालक फोन उघडून फोटो दाखवतो. त्या प्लंबरला तुमचं नाव तिथे कळतं.

तिसरं, शेजारी. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आजूबाजूच्या चार घरी जाऊन सांगा: उद्यापासून इतके दिवस धूळ आणि आवाज होईल, ब्रेकर दुपारी एक ते चारमध्ये चालवणार नाही, काही त्रास झाला तर हा नंबर. आणि सांगितलंय ते पाळा. रेती, गिट्टी, मलबा रस्त्यावर राहिला तर महापालिकेचं उपद्रव शोध पथक दंड लावतं. शिवाय त्याच गल्लीत तुमच्या नावाने जे बोललं जातं ते कुठल्याही पत्रकाने पुसलं जात नाही. मलबा त्याच दिवशी पोत्यांत भरून आवारात ठेवा आणि गाडी भरेल एवढा झाला की उचला. उचलण्याचा खर्च एस्टिमेटमध्ये वेगळ्या ओळीत धरलेला असला पाहिजे. नाहीतर शेवटी तो कुणाच्या माथी मारायचा यावरून वाद होतो आणि शेवटच्या दिवशीचा वाद पार्टी सगळ्यात जास्त लक्षात ठेवते.

फोन कधी करायचा

गच्चीचं काम केलं असेल तर पहिल्या दणदणीत पावसानंतर दुसऱ्या दिवशी फोन. नागपुरात पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो. पहिला जोराचा पाऊस झाला की वही उघडा आणि त्या वर्षीच्या प्रत्येक गच्चीवाल्याला विचारा: 'कुठे ओल दिसली का?' बहुतेक ठेकेदार हा फोन टाळतात, कारण तक्रार निघेल ही भीती असते. पण तक्रार असेल तर ती तुम्ही फोन न करताही आहेच, फरक एवढाच की ती तुमच्याऐवजी शेजाऱ्यांना सांगितली जातेय. आणि ओल नसेल तर 'पाऊस पडल्या पडल्या फोन केला त्याने' हे वाक्य आख्ख्या कॉलनीत फिरतं.

याच फोनवर गूगलवरचा अभिप्राय मागा. काम संपल्या दिवशी मागू नका. त्या दिवशी शेवटचा हप्ता द्यायचा असतो, मन दुसरीकडे असतं. गूगलवर आपल्या धंद्याची माहिती टाकायचं जे बिझनेस प्रोफाइल असतं त्यातून अभिप्रायाची लिंक मिळते ती पाठवा आणि 'कोणत्या भागात, कोणतं काम केलं ते दोन ओळीत लिहा' एवढं सुचवा. 'खूप छान सेवा' या अभिप्रायाचा उपयोग शून्य. 'नंदनवनला आमची गच्ची केली, दोन पावसाळे झाले, कोरडी आहे' हे वाचून फोन येतो. अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा भेट देऊ नका, ते गूगलच्या नियमाविरुद्ध आहे.

प्रोफाइल फुकट आहे, जाहिरातीवर रुपया घालवण्याआधी ते पूर्ण करा. घरातूनच काम चालत असेल तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचे भाग टाकता येतात. कामाचे फोटो एकाच कोनातून आधीचा आणि नंतरचा असे टाका, मालकाला विचारून, आणि दारावरची नावाची पाटी फोटोत येऊ देऊ नका.

दुकानदार, प्लंबर आणि कमिशनचा प्रश्न

घरमालकाच्या आधी प्रश्न ज्यांच्या कानावर पडतो ती माणसं म्हणजे हार्डवेअर आणि टाइल्सचे दुकानदार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, टाकी साफ करणारे, फ्लॅट स्कीमचे सचिव. तुमच्या भागातली अशी दहा माणसं निवडा. महिन्यातून एकदा तोंड दाखवा, उधारी वेळेवर चुकवा. दुकानदार सगळ्यात आधी उधारीवरूनच माणूस ओळखतो आणि ज्याची उधारी थकलेली त्याचं नाव गिऱ्हाइकाला सांगत नाही.

कमिशन द्यायचं का? या धंद्यात ते चालतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण टक्केवारी ठरली की ती एस्टिमेटमध्ये शिरते, पार्टी दुसरीकडे भाव काढते आणि मंदीत तर हमखास काढते. शिवाय उद्या कुणी एक टक्का जास्त दिला की तोच माणूस त्याचं नाव सांगतो. कामाच्या बदल्यात काम पाठवणं जास्त टिकतं. तुमच्या साइटवरचं प्लंबिंग त्याच प्लंबरला द्या, टाइल्स त्याच दुकानातून घ्यायला सुचवा. दिवाळीला मिठाईचा डबा द्यायलाही हरकत नाही.

आता जाहिरात: हिशोब कसा मांडायचा

जाहिरातीचा खर्च किती फोन आले यावर मोजू नका, मिळालेल्या कामावर मोजा. एक नमुना, आकडे समजण्यापुरते:

५,००० पत्रकं, छपाई आणि पेपरात टाकणावळ मिळून ७,५०० रुपये. फोन १५ आले, पाहण्या ६ झाल्या, कामं २ मिळाली: ४०,००० आणि ६५,००० ची. एकूण १,०५,०००. मजुरी आणि माल वजा जाऊन १५ टक्के सुटले तर १५,७५०. आता खर्च: पत्रकं ७,५००, सहा पाहण्यांत तुमचे तीन दिवस गेले, दिवसाचे १,००० धरले तर ३,०००, पेट्रोल ६००. झाले ११,१००. हातात ४,६५० उरले. त्यात ६५,००० वाल्याने भाव करून ५ टक्के कमी करून घेतले, म्हणजे ३,२५० गेले. उरले १,४००.

पाहणीचे दिवस आणि पाडलेला भाव हे दोन खर्च बहुतेक जण मोजतच नाहीत, आणि जाहिरातीत पैसा तिथेच जिरतो. अनोळखी पार्टी तुमच्याबरोबर आणखी तीन जणांना बोलावते. ओळखीतून आलेली पार्टी बहुतेक वेळा 'कधी सुरू करता?' असं विचारते.

मर्यादा अशी ठेवा: एका कामामागे जाहिरात आणि पाहणी मिळून त्या कामातून सुटणाऱ्या पैशाच्या निम्म्यापेक्षा जास्त खर्च नको. वरच्या उदाहरणात एका कामातून सरासरी ७,८७५ सुटले, म्हणजे मर्यादा साधारण ३,९००. प्रत्यक्ष खर्च ५,५५०. हे पत्रक जसंच्या तसं पुन्हा छापू नये. एकच अपवाद: ज्या भागात तुमची ओळखच नाही तिथे पहिली दोन कामं महाग पडली तरी घ्यावीत, पुढची ओळख तिथून सुरू होते.

पाहणीचा खर्च कमी करायचा तर फोनवरच चार प्रश्न विचारा: घर स्वतःचं की भाड्याचं, ओल कुठे आणि कधीपासून, आधी कुणी दुरुस्त केलं होतं का, काम कधी करायचं ठरवलंय. फोटो आणि छोटा व्हिडिओ मागवा. भाडेकरूने फोन केला असेल तर मालकाशी बोलणं झाल्याशिवाय जाऊ नका.

वेळ चुकली तर

गच्चीच्या कामाचे सगळ्यात जास्त फोन जुलैत येतात, आणि नेमकं तेव्हाच ते काम नीट करता येत नाही. ॲक्रिलिक कोटिंगला स्लॅब पूर्ण कोरडा लागतो. ओल्या स्लॅबवर मारलं की फुगे येतात आणि पापुद्रा सुटतो. सिमेंटमध्ये मिसळायचं पॉलिमर कोटिंग ओलसर पृष्ठभागावर चालतं, पण वर पाऊस पडत असताना तेही वाहून जातं. म्हणून गच्चीची जाहिरात मार्चच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंतच. जुलैत जाहिरात केली तर फक्त तात्पुरती कामं पदरी पडतात, आणि ती पुन्हा गळली की नाव तुमचंच खराब होतं. जुलैत आलेल्या फोनची यादी करा, पावसाचे पाइप मोकळे करून द्या, आणि स्लॅब वाळला की, दिवाळीच्या आसपास, त्यांनाच फोन करा.

मेमध्येही दुपारी कोटिंग मारू नका. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना स्लॅब इतका तापतो की कोट मुरायच्या आत वाळतो, बारीक छिद्रं राहतात. सकाळी नऊ-दहाच्या आत पहिला हात, दुसरा संध्याकाळी पाचनंतर, पहिल्याला आडवा. सांधे आणि पॅरापेटचा गोला (कठडा आणि स्लॅब जुळतात तिथली गोलाई) आधी झालेला असावा, उतार १०० इंचांना किमान १ इंच. कोटिंगला डब्यावर लिहिलेले दिवस मिळाले की पाइपांची तोंडं बंद करून २४ तास पाणी उभं करा आणि त्याचा फोटो मालकाला द्या.

रंगकामाची जाहिरात गणपतीच्या दिवसांत करा. पितृपक्षात बरेच जण नवीन काम सुरू करत नाहीत, पण भाव काढून ठेवतात, आणि सर्वपित्री झाली की दसरा-दिवाळीच्या आत सगळ्यांनाच एकदम रंग हवा असतो. तेव्हा तारखा आधीच भरलेल्या असाव्यात. पेरणीच्या आणि होळीच्या दिवसांत छत्तीसगड, मध्य प्रदेशातले मजूर गावी जातात. त्या पंधरवड्यात जाहिरात करून फोन घेणं म्हणजे नाही म्हणायला पैसे मोजणं.

कुठे खर्च करावा

पहिला पैसा साइटवरच्या फलकावर. दोन फूट बाय तीन फूट, मालकाच्या आवारात, त्यांना विचारून. वर कामाचा प्रकार, खाली फोन नंबर, आकडे किमान चार इंच उंच. नागपुरात मराठी आणि हिंदी दोन्हीत लिहा. विजेच्या खांबावर किंवा चौकात फ्लेक्स लावू नका. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणाला प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे, आणि ज्या फलकावर फोन नंबर आहे त्याचा मालक शोधायला कुणाला वेळ लागत नाही.

पत्रकं टाकायचीच तर सगळ्या शहरात नकोत. जिथे आत्ताच काम संपवलं त्याच लेआउटमध्ये (वसाहतीत), ५०० ते ८००, आणि त्यावर 'याच लेआउटमध्ये नुकतंच काम केलंय, पाहायला या' असं, मालकाच्या परवानगीने. रविवारच्या अंकात पत्रकांचा गठ्ठाच असतो, शनिवार बरा. पत्रकं खरंच पडली का हे त्या लेआउटमधल्या दोन ओळखीच्या घरी विचारून पाहा.

गूगलवर पैसे देऊन जाहिरात करताना ठिकाणाच्या सेटिंगमध्ये आधीपासून 'त्या ठिकाणी असलेले किंवा त्यात रस असलेले' असं निवडलेलं असतं. ते बदलून फक्त तिथे असलेले लोक निवडा, नाहीतर पुण्यात बसून नागपूर शोधणाऱ्यांच्या क्लिकचेही पैसे जातात. जॉब, सॅलरी, कोर्स, टेंडर हे शब्द वगळलेल्या यादीत टाका, म्हणजे ते शोधणाऱ्यांना जाहिरात दिसणार नाही. जाहिरात तुम्ही फोन उचलू शकता त्याच वेळेत चालू ठेवा. फेसबुकच्या फॉर्ममध्ये नंबर आपोआप भरला जातो, त्यामुळे अनेकांना आपण चौकशी केल्याचं आठवतही नाही. तासाभरात फोन केला तरच काही हाती लागतं. एकच चौकशी चार-पाच ठेकेदारांना विकणाऱ्या याद्या मंदीत शेवटचा पर्याय समजा. गणेश मंडळाच्या पावतीचे पैसे वर्गणीत लिहा, जाहिरातीत नको.

ओळखीच्या कामाचा धोका

ओळखीतून आलेलं काम उधारीत अडकतं. 'आपल्याच घरचं आहे' म्हणून लिहून घेतलं जात नाही, ॲडव्हान्स मागितला जात नाही, आणि बिलाला दोन महिने लागले की ना पैसे मागता येतात ना संबंध तोडता येतो. कितीही जवळचा असो, एक पानी एस्टिमेट द्या: काय करणार, काय करणार नाही, मालासकट की फक्त मजुरी, परांची आणि मलबा कुणाकडे, पाण्याचा टँकर लागला तर कुणाचा. हप्ते ठरवा, उदाहरणार्थ सुरुवातीला ३० टक्के, निम्मं काम झाल्यावर ४०, काम संपताना २०, पाण्याची चाचणी झाल्यावर १०. वर्षाची उलाढाल २० लाखांवर जात असेल तर जीएसटी नोंदणी लागते, आणि मालासकट कामावर सहसा १८ टक्के बसतात. हे आकड्यात धरलंय की वेगळं, ते त्याच कागदावर लिहा.

पार्टीकडे पैसे कमी असतील तर दर पाडू नका, काम तोडा. गच्ची या उन्हाळ्यात, बाहेरचा रंग दिवाळीनंतर. एकदा एका लेआउटमध्ये दर पाडला की पुढच्या प्रत्येक घरी तोच आकडा तुमच्या आधी पोचलेला असतो.